थैली घे आणि नीघ

पत्र

ताई, मी मूळची पुण्याची. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन इकडं वऱ्हाडात, कारंजा लाडला आले. काम घरूनच, लॅपटॉपवर. पुण्यात रविवारी सकाळी पेठांतून तासन्‌तास पायी भटकायचे, वाडे बघायचे, कुठंतरी चहा प्यायचे. तेवढाच आठवड्याचा विसावा. इथं दोनदा तशीच निघाले. पहिल्यांदा चौघांनी थांबवून विचारलं, गाडी बिघडली का? दुसऱ्यांदा माझ्याआधी बातमी घरी पोहोचली. सासूबाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत (माहेर दारव्हा), पण त्यांनीही विचारलं, "रिकामी काहून हिंडते वं?" मला उत्तर देता आलं नाही. नवरा म्हणतो, गाडीवर चक्कर मारून आणतो. शिवाय खरं सांगू का, इथं पाहण्यासारखं आहे तरी काय? घरात कोंडल्यासारखं होतं.

— रिकामी हिंडणारी, कारंजा

उत्तर

सहीत तूच 'रिकामी' लिहिलंस, म्हणून आधी त्या शब्दाचंच बघू.

आपल्या वऱ्हाडात पायी चालणं कुणाला नवं नाही. माणूस शेतात पायी जातो, झेंडा खांद्यावर टाकून शेगावला पायदळ जातो, आणि वाटेतली गावं त्याला बोलावून पाणी पाजतात, फराळ देतात. पण त्याला कुठंतरी पोहोचायचं असतं. कुठंच न पोहोचता नुसतं चालायचं, हे मात्र कुणाच्या पचनी पडत नाही. पुण्यात तुला कुणी हटकलं नाही ते पुणेकर उदार म्हणून नव्हे. तू कोणाची कोण, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इथं ठाऊक आहे. आणि सासूबाईंचं बोलणं पुन्हा एकदा ऐक. 'हिंडते काहून' असं त्या म्हणाल्याच नाहीत, 'रिकामी काहून' असं म्हणाल्या. मग रिकामी जाऊ नकोस. हातात थैली घे.

थट्टा करत नाही. कापडी, भाजीची, थोडी मळकी असली तर आणखी चांगलं. थैली हातात असलेली बाई कामाला निघालेली असते आणि तिनं वाट वाकडी केली तर कुणी हिशेब मागत नाही. दळण टाकायचं, शिंप्याकडचा ब्लाउज आणायचा, मामंजींची गोळ्यांची पट्टी आणायची. काम वीस मिनिटांचं, वाट दीड तासाची. जाताना एका बोळानं जा, येताना दुसऱ्या. मी बत्तीस वर्षं वऱ्हाडातल्याच एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवला. त्या गावाचा नकाशा माझ्या डोक्यात तयार झाला तो मेथी आणि कोथिंबिरीच्या जोरावर.

तोही उशिरा झाला, हे कबूल करते. पहिली अकरा वर्षं मी घर ते शाळा लुनानं जायची. एकदा मधेच पेट्रोल संपलं. लुना ढकलत मागच्या बोळातून आले, तर शाळेच्या भिंतीला लागूनच बुजत आलेली एक विहीर. काठावरच्या चिऱ्यावर नाग कोरलेला, त्याच्या फण्यावर ताजं हळदकुंकू. म्हणजे कुणीतरी रोज येत होतं तिथं. भिंतीच्या अलीकडं मी सातवीच्या पोरांना भूजल शिकवत होते आणि पलीकडं काय आहे याचा पत्ता मला नव्हता. लाज वाटली. त्यानंतर लुना पावसाळ्यापुरती ठेवली.

आता 'पाहण्यासारखं काय आहे'. हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. अगं, कारंज्याला माझी आत्या दिलेली होती, लहानपणच्या निम्म्या सुट्ट्या मी तिथं काढल्या. तू चार वेशींच्या गावात राहतेस! दिल्ली, पोहा, मंगरूळ आणि दारव्हा. गावाला कोट होता, आणि ज्या दिशेची वाट त्या दिशेचं नाव वेशीला. कुठली वेस किती शाबूत आहे, कुणाच्या खांद्यावर पिंपळ उगवलाय, कुणाला पोस्टरांनी झाकलंय, हे बघून मला लिही. कमानीखाली क्षणभर थांब. भर उन्हातही तिथं गारवा लागतो, कारण दगडी कमानी जाड असतात आणि वारा त्या तोंडातूनच आत शिरतो. म्हणून तर वेशीत नेहमी कोणी ना कोणी टेकलेलं सापडतं.

आणि पहिली फेरी कुठली करायची ते तू पत्रात स्वतःच लिहून बसलीस. कंसात, सहज: माहेर दारव्हा.

सासूबाईंना एका संध्याकाळी विचार, "आई, तुम्ही लग्न होऊन आलात त्या कशानं आलात?" त्यांचं लग्न ऐंशीच्या दशकातलं असेल तर शकुंतलेनं आल्या असण्याची शक्यता बरीच आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटरची ती छोटी गाडी, रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. दारव्हा आणि कारंजा दोन्ही तिच्याच वाटेवर. इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीनं ती घातली ती वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी, पण पुढं तिनं कापसापेक्षा लेकीबाळीच जास्त वाहिल्या. 1994 पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं. म्हणजे नव्या नवरीच्या शालूवर कोळशाची ठिणगी पडायची. माझ्या आत्याच्या शालूला तशी तीन भोकं होती आणि ती ती कौतुकानं दाखवायची. आता काही वर्षं गाडी बंद आहे. पण स्टेशन आहे, रुळांची खूण आहे. सासूबाईंचे गुडघे साथ देत असतील तर त्यांना घेऊन तिथपर्यंत जा, नाहीतर रिक्षानं ने आणि परत येताना दोघी मिळून थोडं चाला. कुठं उतरल्या, बैलगाडी कुठं उभी होती, वरात कुठल्या वाटेनं गेली, हे त्यांना दाखवू दे. तू वाट दाखवायची नाहीस, त्या दाखवतील. त्या दिवसानंतर 'रिकामी काहून' हा प्रश्न त्या विचारणार नाहीत. उलट शेजारणीनं विचारलं तर त्याच उत्तर देतील.

दारव्हा वेशीशी मात्र त्यांना थोडं एकटं सोड. प्रत्येक सासुरवाशिणीची गावात एक वेस असते, माहेरच्या तोंडाची.

बाकी इतिहास हवा असेल तर तोही आहे. 1670 साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंजा लुटलं. एवढ्या दूर, मोगलांच्या मुलखात येऊन लुटावं इतकं हे गाव श्रीमंत होतं. इतिहासकार लिहितात की इथले सावकार धरून नेले, पण त्यातला सगळ्यात मोठा बाईच्या वेशात निसटला, कारण बायकांना हात लावायचा नाही असा महाराजांचा दंडक होता. ज्या गावात लुगड्यानं एका सावकाराला भर लुटीतून सुखरूप बाहेर काढलं, त्याच गावात तुला साध्या सकाळी बाहेर पडायला अडचण यावी. मला हसू आलं, तू रागावू नकोस.

ही श्रीमंती आली कुठून, हे पाहायला बाजार समितीकडं जा. आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण कारंज्याच्या माणसांनाही हे फारसं माहीत नसतं. सरकारी नियमाखाली आलेला भारतातला पहिला कापूस बाजार तुझ्या गावात सुरू झाला, 1886 साली. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा, म्हणून हुकूम निघाला तो हैदराबादच्या रेसिडेंटचा. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला, आणि पुढं देशभर झालेल्या बाजार समित्यांच्या कायद्यांनी गिरवला तो हाच कित्ता. इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा आला होता असं समजू नकोस. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वेळेवर, ठरल्या भावात हवा होता. पण त्याआधी दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसतं उपरणं हलताना बघायचा. पुढं हळूहळू त्याच्यासमोर तोंडानं बोली होऊ लागली, ही गोष्ट लहान नाही.

दिवाळीनंतर जा, कापसाचा हंगाम भरात असताना. सकाळी गाड्यांच्या रांगा लागतात, जाळ्यांतून कापूस फुगून बाहेर आलेला असतो, रस्त्यावर पांढरा पिंजा उडत असतो. बोली चालू असेल तिथं थोडी लांब उभी राहा आणि फक्त व्यापाऱ्याचे हात बघ. तो गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस काढतो. वरचा नाही, वर चांगलाच असतो. एक बोंड घेऊन सरकीवरून रुईची चिमूट सुटी करतो. मग दोन्ही अंगठ्यांत धरून ती हळूच ओढतो, एकावर एक ठेवतो, पुन्हा ओढतो. दोन-तीनदा असं केलं की सगळे धागे एका रेषेत येतात आणि अंगठ्याच्या पेरावर धाग्याची लांबी दिसते. कधी कानाशी नेऊन ओढतो, तुटण्याचा आवाज ऐकतो. मूठभर दाबून ओल बघतो. हे सगळं चालू असताना गाडीवाल्याकडं बघायचं नाही असा जणू नियम आहे. गाडीवाला मात्र त्याच्या भुवईवरून नजर हलवत नाही. पेरणीपासून वेचणीपर्यंतचं वर्ष त्या दोन अंगठ्यांत असतं. पुण्यातल्या कुठल्याही वाड्यात तुला हे दिसलं नसतं.

तिथं फोटो काढू नकोस. निदान विचारल्याशिवाय नको. भाव पडलेला असला तर तर नकोच.

जैन मंदिरांकडं सवडीनं जा, एका सकाळी एकच. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांच्या भट्टारकांच्या, म्हणजे जैन मठाधीशांच्या, गाद्या या एका गावात होत्या, आणि त्यांच्या भांडारांतल्या हस्तलिखितांनी गेल्या शतकात अपभ्रंश या जुन्या भाषेच्या अभ्यासाला मोठा आधार दिला. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीची काव्यं संपादित होऊन कारंज्याच्या जैन ग्रंथमालांत निघाली, 1931 मध्ये एक, 1933 मध्ये एक. तुझ्या गावाचं नाव युरोपातल्या विद्यापीठांच्या कपाटांत गेलं ते असं. भांडार बघायला मिळेलच असं नाही. चामड्याची पर्स घरी ठेव, दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नकोस, आणि पुजाऱ्यांना पहिल्याच दिवशी कुलपं उघडायला लावू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते स्वतःहून काहीतरी दाखवतात, असा माझा सगळीकडचा अनुभव आहे. नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी तर तू गेलीच असशील, पण बहुतेक गाडीनं आणि पाहुण्यांना घेऊन. एकदा पहाटे पायी जा.

कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट मात्र मी सांगणार नाही. ती ओट्यावरच्या म्हाताऱ्यांकडून ऐक. व्यापारी, उंट, कस्तुरी आणि भिंतीचा चुना, एवढाच धागा देते. तिघांना विचार, तीन वेगळ्या गोष्टी मिळतील आणि तिघं एकमेकांना खोटं ठरवतील. त्या भांडणात तू आपोआप त्यांच्या ओट्यावर बसलेली असशील.

यावरून आठवलं. "कोणाची सून होय वं तू?" हा प्रश्नही तुला वाटेत विचारत असतीलच, आणि तुला त्याचा राग येत असणार. मलाही यायचा, माझ्या नोकरीच्या गावी मीही परकीच होते. पण एकदा नीट उत्तर देऊन बघ. सासऱ्यांचं नाव सांग, वेटाळ म्हणजे मोहल्ला सांग. समोरची आजी लगेच म्हणेल, "हाव का? तुह्या आजेसासूनं माह्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले होते." आणि मग ती हात वर करून दाखवेल की अमक्याचा वाडा इथं होता, तो पाडून ही दुकानं निघाली, आणि या बोळात आधी कोष्टी राहत, मग कासार आले. पुण्यात अशा माहितीसाठी तू शनिवारवाड्यासमोर पैसे भरून उभी राहायचीस. इथं त्याची किंमत एवढीच की तू कोण हे आधी सांगावं लागतं.

सगळे प्रश्न असे आजीबाईंचे नसतात, हे मला कळतं. पानठेल्यावरची टोळकी इथंही आहेत. अशा चौकात रेंगाळू नकोस, पण त्यांच्यासाठी रस्ताही बदलू नकोस. त्याच रस्त्यानं, त्याच वेळी आठ-दहा दिवस गेलीस की पानठेलेवाला तुला ओळखू लागतो, आणि तो "नमस्कार वहिनी" म्हणाला की टोळकं गप्प होतं. नाहीच झालं तर घरी सांग, झाकून ठेवू नकोस. अंधार पडल्यावर एकटीनं अनोळखी बोळांत शिरणं मी तरी टाळते, या वयातही. कुत्र्यांसाठी थैलीत छत्री ठेव. उगारायची नाही, नुसती उघडायची.

वेळेचं म्हणशील तर मार्चनंतर सकाळी साडेपाच ते साडेसात, त्यापुढं नाही. पुण्याच्या उन्हावर जाऊ नकोस. इथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि नवतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर दुपट्टा बांधूनही बाहेर पडायचं नाही, कूलरसमोर बसून पन्हं प्यायचं. पावसाळ्यात गावाच्या कडेची वाट धरलीस तर काळी माती चपलेला इतकी चिकटते की दहा पावलांत चप्पल किलोभर होते. पण एकदा ती कडची वाट कर, आणि पायाखालचा रंग बघत जा. शेताची जमीन काळी आणि जुन्या वस्तीची जमीन पांढरी, म्हणून गावठाणाला आपल्याकडं पांढरीच म्हणतात. किती तरी पिढ्यांची मातीची घरं, धाबी, चुली, राख विरघळून ती पांढरी झाली. काळी संपून पांढरी सुरू होते, ती गावाची खरी वेस. तिला कमान नाही.

गाडगेबाबांचं मला नेहमी नवल वाटतं ते याचसाठी. ते गावात शिरले की आधी झाडू घ्यायचे, गल्ल्या झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. रात्री त्या गावाला त्याचंच नाव घेऊन सुनवायला त्यांना कधी अडचण आली नसावी. दिवसभर त्यांनी गावाचे उकिरडे हातानं उचललेले असायचे. तुझ्या थैलीपेक्षा त्यांचा झाडू मोठा, पण युक्ती तीच.

नवऱ्याला दुखवू नकोस, तो प्रेमानंच चक्कर मारून आणतो म्हणतो. पण गाडीवर मागं बसून गाव दिसत नाही, नवऱ्याची पाठ दिसते. त्याला रविवारी सकाळी आलुबोंडा खायला पायी चल म्हण. तो इथलाच आहे, दर चौकात त्याला मित्र भेटेल आणि दहा मिनिटांच्या वाटेला तास लागेल. तू तेवढ्यात आजूबाजूच्या खिडक्या, दारावरच्या कोरीव पट्ट्या, जुन्या दुकानांच्या फळ्या बघून घे. त्याच्या लक्षातही यायचं नाही.

भादव्याची पौर्णिमा आली की तुमच्या वेटाळात भुलाबाई बसतात का, तेही बघ. कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी घरोघर जातात, गाणी म्हणतात, डबा हलवून आवाजावरून खिरापत ओळखतात. आमच्या लहानपणी रात्री बाहेर पडायची मोकळीक मिळायची ती याच महिन्यात. आत्याकडं असताना कारंज्याची निम्मी घरं मी अशीच आतून पाहिली, खिरापतीच्या डब्यामागून. आता पोरी कमी झाल्यात. तू लॅपटॉप बंद करून त्यांच्यात शिरलीस तर मोठी म्हणून हसतील आणि मग गाणी शिकवतील.

तर येत्या शनिवारी सकाळी सहाला नीघ. दारव्हा वेशीकडून सुरुवात कर, तिथून मनाला येईल तो बोळ धर. आणि परतताना काहीतरी घेऊन ये, जुडीभर मेथी का होईना. थैली रिकामी दिसली तर मी लिहिलेलं सगळं पाण्यात जाईल.